सावलीतला लाल ठिपका

४ मे
गळ्यात पट्टा घातलेली वाघीण नागपूरजवळच्या कुहीकडे आली आहे. ती कुठे आहे ते टॅबलेटवर लाल ठिपक्याने दिसतं. बघून गावांना सावध करायचं काम वनखात्यातल्या आमच्या साहेबांनी मला दिलं. टॅबलेट मीच निवडला. खोक्यावर लिहिलंय, भर उन्हातही वाचता येतो. म्हणजे भीती संपली. काल झोप लागली नाही, ती उकाड्यामुळे.

७ मे, दुपार
स्क्रीनवर फक्त माझाच घामेजलेला चेहरा. ब्राइटनेस फुल्ल केला. दहा मिनिटांत टॅबलेट तापून आपणच मंद झाला. आमचा वाटाड्या लहानू म्हणाला, काहून त्या काचेत पाहून राहिले साहेब, समोर पाहा ना. त्याला टेक्नॉलॉजी काय कळणार.

८ मे
डोक्यावरून दुपट्टा टॅबलेटवर ओढला. थोडं दिसलं, पण मग जंगल दिसेना. मागे पाला वाजला. सरडा होता. मी घाबरलो नाही. पाय आपणच पळाले.

१० मे, संध्याकाळ
उपाय सापडला होता. नाल्याकाठच्या जांभळांची दाट सावली! लहानू म्हणाला, दुपारी तिले बी सावलीच लागते. मी हसलो.
सावलीत सगळं स्वच्छ दिसलं. लाल ठिपका जांभळांखाली. मीही जांभळांखाली.
टॅबलेट तिथेच टाकला. एक बूटही राहिला. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बाभळीला पाठ लावून बसलो. तेव्हा बारा वाजले होते. वाघ दिसला की माकडं ओरडतात म्हणे, म्हणून लहानू त्यांचा कानोसा घेत गेला आणि दोन्ही वस्तू घेऊन आला. माकडांवर कोणी भरवसा ठेवतं का!

११ मे, रामदासपेठ, ऑफिस
कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या मोनालीने ठिपका मोठा केला. खाली फिक्या, बारीक अक्षरात वेळ होती. सकाळचे सहा. ठिपका सहा तासांनी बदलतो म्हणे. म्हणजे मी गेलो तेव्हा वाघीण तिथे असेलच असं नव्हतं. मी म्हटलं, मला वाटलंच होतं.
मग तिने बाराचा ठिपका लावला. धुऱ्यावर. बाभळीमागच्या झुडपात.
तिने विचारलं, सर, तेव्हा तुम्ही कुठे होता?
मी पाणी मागितलं.

१२ मे
ऑफिसातलंच काम द्यावं असा अर्ज लिहिला. कागदावर, निळ्या पेनाने. साहेब गाडीत बसायला निघाले होते. गेटपाशी रणरणत्या उन्हात उभं राहून त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला.
नामंजूर.