डाव्या बाजूची भानगड

३ फेब्रुवारी
गोपिकानं नवे ब्लाउज शिवायला टाकले. जुने डावीकडून घट्ट होतात म्हणे. एकाच बाजूनं माणूस जाड होतं का? थाप मारायची तर नीट मारावी. कळमन्याच्या बाजारात संत्र्यांचा ढीग नुसता पाहून मी आतला माल सांगतो. बायको काय, ओळखूच.

७ फेब्रुवारी, दुपार
ती आणि सून मिनल हळू आवाजात बोलत होत्या. मी दिसताच भाजीच्या भावावर घसरल्या. ‘आधी पक्कं होऊ दे’ एवढं ऐकलं. काटोलचा आपला संत्र्यांचा बगीचा विकायचा डाव दिसतो. ठराव: विचारायचं काही नाही, फक्त पाळत ठेवायची.

८ फेब्रुवारी
विचारलं. सकाळभर कुठं होतीस? म्हणाली, हळदीकुंकवाला गेली होती. रथसप्तमी उलटल्यावर? मला काही समजत नाही असं वाटतं हिला.

१२ फेब्रुवारी
ऑटोनं पाठलाग. दोघी रामदासपेठेत एका दवाखान्यात शिरल्या. वरच्या मजल्यावर वकील बसत असणार. कॅन्सरमुळे नऊ वर्षांपूर्वी हिचा डावा स्तन काढून इम्प्लांट बसवलं, तो विषय तेव्हाच संपला. बाई ठणठणीत आहे. म्हणजे वकीलच. उसाचा रस पिईपर्यंत दोघी निघून गेल्या. रसवाल्यानं फार वेळ लावला.

१६ फेब्रुवारी
आज थेट आत घुसलो. वकील नव्हता. इम्प्लांटभोवती पाणी जमलंय. इतक्या वर्षांनीही असं होतं म्हणे. सुईनं पाणी काढून तपासायला पाठवलंय, कॅन्सर तर नाही ना म्हणून. डॉक्टरीणबाईंना म्हटलं, वरून तर सगळं ठीक दिसत होतं. त्या म्हणाल्या, वरून नेहमी कळत नाही, म्हणून एमआरआयही केलाय. अपमान गिळला.

घरी विचारलं, मला काहून नाही सांगितलं? गोपिका भाजी निवडत म्हणाली, “मागच्या टायमाले तुमी इतके रडले, का मले रडाले जागाच नाही राहिली.”

खोटं. तेव्हा माझे डोळे आले होते.

२० फेब्रुवारी, सकाळ
रिपोर्ट आज. भीती वाटते. ठराव: रडायचं नाही. आज पाळी तिची.

संध्याकाळ
कॅन्सर नाही. इम्प्लांट मात्र आतून फाटलंय, ऑपरेशन करून काढावं लागेल. गोपिकाच्या डोळ्यांत पाणी आलं. धीर द्यायला मी तोंड उघडलं, पण शब्दाऐवजी हुंदकाच आला, तोही मोठा. तिनं घाईनं डोळे पुसले, मला पाणी पाजलं आणि पाठ चोळत बसली.

ऑपरेशनला तिच्यासोबत मिनल जाणार. मी घरी थांबायचं ठरलं.