बारा माग, पाच बंद खिडक्या

मी, तिप्पण्णा शिवयोगी बिराजदार, वय ७४, धंदा टॉवेलचा कारखाना, राहणार सोलापूर, माझ्या स्वकष्टार्जित मिळकतीची व्यवस्था पूर्ण शुद्धीत, कुणाच्या दबावाशिवाय लिहून ठेवतो. मागांच्या खडखडाटात पन्नास वर्षं काढूनही माझे कान शाबूत आहेत, हे वारसांनी लक्षात घ्यावं.

१. राहतं घर मुलगा गुरुराज याला. "अप्पा गेले की एसी बसवू," असं तो सुनेला म्हणाला, ते मी ऐकलं. खुशाल बसवावा.

२. बँकेतली ठेव नात संस्कृती हिला. ती कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. तिच्या म्हणण्याप्रमाणे समाज गोडीगुलाबीनं बदलत नाही. साधनं असलेला आणि नुसते हात असलेला यांच्या ओढाताणीतून बदलतो. शिवाय वरचा माणूस स्वतःच्या सोयीला निसर्गनियम म्हणतो. हे कळायला तिला पाच वर्षं लागली, फी मी भरली.

३. याचा पुरावा मीच. १९७९ साली मी मागावर कामगार होतो. मालक खिडक्या बंद ठेवायचे, म्हणायचे, "वाऱ्यानं सूत तुटतं." सतरा दिवस संप करून, पहारीनं आम्ही त्या उघडल्या. सूत तुटलं नाही. पुढे मी मालक झालो आणि माझ्या कारखान्याच्या पाचही खिडक्यांना खिळे ठोकले.

गेल्या उन्हाळ्यात माझ्याकडे सुताच्या कांड्या भरणारी नागव्वा म्हणाली, "मालक, हितं जीव गुदमरतोय की. खिडकी उघडा."

"वाऱ्यानं सूत तुटतं, बाई."

"दर दिवाळीला संपाची गोष्ट तुमीच सांगता न्हवं?"

"ती गोष्ट झाली."

"मग आमी बी करू की एखादी."

४. सबब, बारा माग गुरुराजला. कारखान्याची जागा, भिंती, पत्रे आणि खिडक्या नागव्वासह अकरा कामगारांना, सारख्या हिश्शानं. नावं सोबत जोडली आहेत. भिंतींशिवाय माग गंजतील, मागांशिवाय भिंती पोट भरणार नाहीत. तेव्हा दोन्ही बाजूंनी समोरासमोर बसून मनसोक्त भांडावं. संस्कृतीनं शेजारी बसून टिपणं काढावीत.

५. खिळे मी काढणार नाही. मेहेरबानीनं उघडलेली खिडकी मेहेरबानी संपली की बंद होते. संपातली पहार माझ्या कपाटामागे आहे, ती नागव्वाला द्यावी.

६. साक्षीच्या सहीला नागव्वा आपणहून आली होती. ज्याला मिळकत मिळते त्यानं साक्षीदार होऊ नये, असं वकील म्हणाले. तिला कारण सांगितलं असतं तर मृत्युपत्र आधीच फुटलं असतं, म्हणून मी नुसतंच नको म्हटलं. "आमची सही बी चालत न्हाय व्हय?" म्हणून ती तणतणत गेली. तिचा राग कुणी घालवू नये. कामाला येईल.

ठिकाण: सोलापूर
तारीख: १४ मे २०२५

सही: तिप्पण्णा शिवयोगी बिराजदार

साक्षीदार:
यशपाल बनसोडे, निवृत्त पोस्टमन
आदिनाथ दोशी, सूतविक्रेते