डावी बाजू

४ नोव्हें., सोम.
आज गाडी काढली. दिवाळीनंतर शाळा उघडली. पावसाळाभर दोन बस बदलून पुढं रिक्षा, असं केलं. आता अंगात त्राण नाही. चिकोडीच्या पलीकडची शाळा, निपाणीतून वेळेवर पोचायचं तर गाडीच पाहिजे. आई दारात उभी. "अण्णाला इचारलंस काय?" अण्णा मोठा भाऊ असला तरी गाडी माझी आहे. म्हटलं, विचारलं. विचारलं नव्हतं.
डॉक्टर म्हणाले होते, निदान सहा महिने स्टिअरिंगला हात लावू नका, एका डोळ्याला अंतर समजायला वेळ लागतो. जुलैपासून मोजले तर चार झाले.
नीट पोचले. फक्त शाळेच्या भिंतीला बंपर टेकला. मला वाटलं, भिंत अजून लांब आहे.
स्टाफरूममध्ये सगळे, "ऑपरेशन चांगलं झालं ना मॅडम?" हो म्हटलं. डावा डोळा बाहेरून तसाच दिसतो. दिसतो, पण बघत नाही. ते कुणाला सांगितलं नाही.

७ नोव्हें.
गिरिजा मॅडम आमच्या शाळेत कन्नड शिकवतात, राहतात निपाणीतच, स्टँडमागं. "संगीता मॅडम, गाडी सुरू केलीत? मग मी पण येते." नाही कसं म्हणू? आजपासून शेजारच्या सीटवर.
डावीकडचं बघायला मान पूर्ण वळवावी लागते. "मान धरलीय का तुमची?" म्हणाल्या. हो म्हटलं. आजकाल सगळ्यालाच हो.

११ नोव्हें.
कारखाने सुरू झाले. संध्याकाळी येताना रस्ताभर ऊस. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, गाणी जोरात, मागं लाल दिवा नाही. पुढची ट्रॉली रस्त्यावर चिकटवलेल्या चित्रासारखी. लांब, लांब, लांब, आणि एकदम काचेवर. ब्रेक करकचून दाबला. उसाची टोकं बॉनेटच्या वर आली होती. गिरिजा मॅडमचा डबा खाली पडून उघडला. त्या हसल्या. मग निपाणीपर्यंत डबा दोन्ही हातांनी धरून बसल्या.
घरी येऊन चहा ओतला तर निम्मा बशीत.

१४ नोव्हें., गुरु.
शाळेत बालदिन. मुलांनी फुलं दिली. ती मागच्या सीटवर तशीच आहेत.
येताना चिकोडीच्या चौकात डावीकडं वळत होते. गिरिजा मॅडम ओरडल्या, "निल्सरी! थांबा! थांबा!" थांबले. दाराला लागून मोटरसायकल, पुढं टाकीवर लहान पोर बसलेलं. तो माणूस खिडकीत वाकून, "डोळं फुटल्यात काय गं तुझं?"
तो गेल्यावर गाडी बाजूला घेतली.
"दिसलं नाही तुम्हाला?"
"नाही."
"डावा?"
"काहीच नाही दिसत त्यानं."
मला वाटलं, दार उघडून उतरतील. त्या म्हणाल्या, "उद्या मला कुठनं घेणार? स्टँडवरनंच ना?"

१९ नोव्हें.
आता त्या सांगतात. "लेफ्ट बरोबर." "सायकल येतीय." "जाऊ द्या त्याला." मी फक्त समोर आणि उजवीकडं. दोघींची मिळून गाडी चालते. आज गप्पाही मारल्या, त्यांच्या माहेरच्या, माझ्या दहावीच्या. घरात आई विड्या वळायची आणि मी शेजारी तंबाखूच्या वासात विज्ञान पाठ करायची. आमच्या गल्लीत गाडी चालवणारी पहिली बाई मी. त्या म्हणाल्या, "म्हणून सोडवत नाही?"
घरी आल्यावर लक्षात आलं, आज दिवसभरात एकदाही डावीकडं मान वळवली नाही.

२५ नोव्हें., सोम.
लिहू की नको.
शाळेतून येताना गिरिजा मॅडमना घरून फोन आला. धाकट्याला ताप. त्या बोलत होत्या. त्या काही म्हणाल्या नाहीत म्हणजे रस्ता मोकळा, असं मी धरलं. धप्प आवाज. डावा आरसा आत मिटला. मागं बघितलं तर रस्त्याच्या कडेला एक बाई बसलेली, आणि उसाच्या वाड्याचा, हिरव्या शेंड्यांचा, भारा सुटून सगळीकडं पसरलेला. ऊसतोडीच्या टोळीतली. भारा डोक्यावर घेऊन कडेनं चालली होती. आरसा भाऱ्यालाच लागला, ती गरकन फिरून पडली. एक वीत इकडं असती तर...
तळहात सोलला होता. गुडघ्यातून रक्त. चला, दवाखान्यात नेते म्हटलं. नको म्हणाली, बैलं उपाशी आहेत. गिरिजा मॅडमनी बाटलीतल्या पाण्यानं हात धुतले, रुमाल बांधला. मी वाडं गोळा करत होते. ती माझ्याकडं बघत होती. रागानं नाही.
"बाई, मी दिसलेच न्हाई का तुम्हाला?"
गाडीत बसल्यावर गिरिजा मॅडम, "माझं चुकलं, मी फोनवर..." म्हटलं, गाडी मी चालवत होते.

२६ नोव्हें.
सकाळी तिथं थांबले. टोळी पुढच्या शिवारात गेली होती. पाचट पेटवलं होतं. ती भेटली नाही. नावसुद्धा विचारलं नव्हतं.

२८ नोव्हें.
गिरिजा मॅडम स्टँडवर उभ्या होत्या, पण बसल्या नाहीत. "मी बसनं येते. ह्यांनी शपथ घातलीय. आणि मलाच आता... डोळं मिटलं की डावी बाजूच दिसते मॅडम. कोण तरी येतंय, मी सांगायचं विसरलेय." हात हातात घेऊन रडल्या.
एकटी गेले. सावकाश. मागून सगळे हॉर्न.

३ डिसें.
दहावीला प्रकाशाचं अपवर्तन घेत होते. फळ्याच्या कडेला वीज चमकल्यासारखी. मुलांना विचारलं, चमकलं का काही? नाही म्हणाली.
उजव्या डोळ्यात.
जुलैत डाव्याचं असंच सुरू झालेलं. चमक, मग काजळीचे ठिपके, मग सावली. दमणूक असेल म्हणून पेपर तपासत बसले. बेळगावला पोचले तेव्हा उशीर झाला होता. दोन्ही डोळ्यांना जाड नंबर, दुसऱ्या डोळ्याचाही आतला पडदा पातळ आहे, जपा, असं तेव्हाच सांगितलं होतं.
येताना चमकलं ते समोरच्या गाडीच्या दिव्याचं असेल.

५ डिसें., गुरु.
ठिपके आले. भिंतीवर बघितलं की खाली तरंगत जातात.
अण्णा संध्याकाळी दादरला निघाला, गल्लीतल्या सगळ्यांबरोबर. दरवर्षी जातो. आईच्या पाया पडायला आला तेव्हा तिनं माझ्याकडं बघितलं. तिला काहीतरी कळलंय. सांगितलं तर तो जाणार नाही, आणि किल्ली घेईल ती कायमची. "सांभाळून जा," एवढंच म्हटलं.

६ डिसें., शुक्र. बेळगाव, दवाखाना.
पडून लिहितेय. ओळी सरळ येतायत का माहीत नाही.
सकाळी पांढरी साडी नेसून वंदनेला गेले. मेणबत्ती लावायला वाकले, तर हात दिसला, मेणबत्तीचं खालचं टोक दिसलं नाही. आधी वाटलं धूर. उजव्या डोळ्यात खालून सावली.
घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ती रडली नाही. "फोन लाव." डॉक्टर म्हणाले, "आत्ताच्या आत्ता या. डोक्याला धक्का नको. आणि तुम्ही गाडी चालवायची नाही."
गल्ली रिकामी. जे गाडी चालवतात ते सगळे मुंबईला गेलेले.
मी गाडी काढली. होय, काढली. आई शेजारी बसली, हँडल घट्ट धरून. गल्लीच्या तोंडाशी आले आणि समोर रस्ता होता, पण बॉनेट नव्हतं. सावलीनं खाल्लेलं. त्या सावलीत लहान पोर उभं असलं तरी मला कळलं नसतं. इंजिन बंद केलं. आई म्हणाली, "बास बाळ."
गिरिजा मॅडमना फोन केला. त्या आल्या, आणि त्यांचे मिस्टर. शपथ घालणारे. त्यांनी किल्ली घेतली. मी मागं आडवी, डोकं गिरिजा मॅडमच्या मांडीवर. संकेश्वर गेल्यावर ते आरशात न बघता म्हणाले, "मॅडम, त्या दिवशी ती बाई मेली असती तर?"
गिरिजा मॅडम म्हणाल्या, "अहो, आत्ता नको."
मी म्हटलं, "बोलू द्या त्यांना."
ते खड्डा आला की गाडी अगदी हळू घ्यायचे.
डॉक्टरांनी तपासलं. पडद्याचा मधला भाग अजून धरून आहे म्हणाले. उद्या सकाळी ऑपरेशन. पुढचं आत्ताच सांगता येत नाही. उशी काढलीय, हलायचं नाही. आता वही ठेव म्हणून नर्स दोनदा ओरडून गेली.
अण्णाला कळवलं. तो परत निघालाय.
आई खुर्ची ओढून अगदी जवळ आली. माझ्या तोंडावर वाकली.
"मी दिसतो काय गं तुला?"
"दिसतेस."
"सगळी?"
कपाळ दिसत होतं. डोळे दिसत होते. ओठ हलताना दिसत होते, त्यांच्या खाली काही नव्हतं.
म्हटलं, सगळी.