लाल दिव्याखालची रोपं

प्रिय गुईश्याताई,

तू सांभाळत होतीस त्या गावच्या जाळीघरात बटाट्याच्या रोपांनी माना टाकल्या तेव्हा तू फोनवर म्हणालीस, "माझ्याच हाताला गुण नाही गं." आणि मी तुला तसंच समजू दिलं.

लान्चोउ शहरातल्या खानावळीत कणीक तिंबून तुझे खांदे धरतात, असं आई सांगत होती. जाळीघराची किल्ली सरपंच मा काकांच्या हाती देऊन तू गाव सोडलंस. लोक म्हणायचे, "गुईश्या पाणी घालते की पूर आणते?" त्यावर आपले बाबा काय सांगायचे, माहीत आहे? "रोपं आमच्या रुईफांगनं बाटलीत वाढवलेली. शिकलेली पोर ती, तिच्यात कशी खोट असेल?" आपल्या घरातली ही पहिली पदवी. तिची मला एवढी लाज कधी वाटली नव्हती.

खोट रोपांतच होती, ताई. लावणीआधी माझ्या प्रयोगशाळेत मोठे पाहुणे यायचे होते. आमच्या यांग साहेबांनी वाढीच्या खोलीत नुसते लाल दिवे लावायला सांगितले. लाल रंग शुभ, फोटोही छान येतात. मी कुरकुरले तर म्हणाले, "पाहुण्यांपुढे खुजी रोपं मांडतेस? आपलं नाक कापायचंय का?" निळा उजेड नसला की बटाट्याचं रोप नुसतंच उंच सुटतं, खोड दोऱ्यासारखं, पानं फिकट. हे मला ठाऊक होतं. तरी मीच दिवे बदलले. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मला, खरं सांगते, बरं वाटलं. पुढे त्याच बाटल्या आपल्या गावाच्या वाट्याला आल्या. माती लागली की सावरतील, अशी मी स्वतःची समजूत घातली. मातीत त्यांना उभंच राहता आलं नाही, आणि बोल तुला लागला.

खोलीत निळे दिवे मी परत बसवलेत. काल गावी जाऊन मा काकांकडे गावचा कर्णा मागितला. ते म्हणाले, "पोरी, बापाच्या तोंडाकडे बघ. घरातलं घरात राहू दे." मी ऐकलं नाही. रोपं मी बिघडवली, ताईनं नाही, असं साऱ्या गावाला ऐकवलं. यांग साहेबांच्या कानावर जाईलच. घरी आले तर बाबा उंबऱ्यावर बसलेले. त्यांनी बाजूला सरकून मला बसायला जागा दिली. जाळीघर पुन्हा तुझ्याच नावावर झालंय. किल्ली मी मागून आणली, ती या पाकिटात घातली आहे.

तुझीच, तोंड लपवत फिरलेली,
रुईफांग