पलीकडच्या काठावरचा हात

४ नोव्हेंबर
गेला. दोन बॅगा आणि घरातली एकुलती एक इस्त्री घेऊन! वीस वर्षांचा संसार, आणि जाताना शेवटचं वाक्य — "नळ गळतोय, प्लंबरला सांगून ठेवलंय." दुसरी कोणी आहे म्हणे. माझ्या अख्ख्या छापखान्याला ठाऊक होतं. मी मुद्रितशोधक! लोकांच्या मजकुरातला अनुस्वार सुटू देत नाही, आणि घरातली एवढी ढळढळीत चूक दिसली नाही.

७ नोव्हेंबर
ताईचा फोन. ती नदीपलीकडे. खांबाला तडा गेल्यापासून पूल बंद, खालच्या पुलावरून वळसा म्हणजे अडीच तास. म्हणाली, "रडत बसू नकोस, धाकटे. रोज सातला बाहेर पड. तू त्या काठाने चाल, मी या काठाने. पाण्याच्या पाइपापाशी हात करायचा. दांडी मारलीस तर बघ!"

८ नोव्हेंबर
गेले. जाडजूड पाइप नदी ओलांडतो, त्यावर पाणकावळे पंख पसरून बसलेले. खाली गटार नदीत सुटतं तिथे मी नाक दाबून, आणि बगळा निवांत नाश्ता करतोय! पलीकडे ताईचा पिवळा स्कार्फ. डावा हात उंच. आमची डावखुरी — लहानपणी त्याच हाताने पाठीत धपाटे घालायची. घरी येऊन पोटभर जेवले.

१९ नोव्हेंबर
ताई आली नाही. भावजींना फोन केला. "घरात रंगकाम काढलंय गं. मरणाचा पसारा. इतक्यात येऊ नकोस." ताईला द्या म्हटलं, तर अंघोळीला गेलीय.

२७ नोव्हेंबर
पुन्हा अंघोळच! किती अंघोळी करते ही बाई? मी पाणकावळ्यांना हात करून परत आले.

१२ डिसेंबर
आली! पिवळा स्कार्फ! पण चाल भलतीच. ताई कायम गाडी चुकल्यासारखी चालते. ही एकेक पाऊल जपून टाकते, कठड्याला टेकते. हात वर केला — उजवा.

१३ डिसेंबर
पुन्हा उजवा. ही ताई नव्हेच! कामवाल्या बाईंना स्कार्फ गुंडाळून पाठवते. धाकटीचं मनही राहिलं आणि स्वतःला पांघरुणातून उठायलाही नको! नवऱ्याने केसाने गळा कापला, पण निदान तोंडावर सांगून गेला. ताईने बुजगावणं उभं केलं. सगळ्या जगात तिच्या एकटीवर विसंबले होते. संताप संताप झाला. पाठ फिरवून निघून आले.

१४ डिसेंबर
पाठ फिरवली.

१५ डिसेंबर
आज मुद्दाम थांबले. तिने हात वर करेपर्यंत थांबले, मग पाठ फिरवली. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू — नाही वाटलं.

१६ डिसेंबर
भावजींचे तीन फोन. उचलले नाहीत. सांगणार काय, अंघोळ!

१७ डिसेंबर
उचलला. भावजी रडत होते. एकोणीस नोव्हेंबरला ताईला अर्धांगाचा झटका आला. डावा हात गेला, जीभ जड झाली. "तुझंच एवढं झालेलं, तुला आणखी घोर नको म्हणून लपवलं. तुला हात करायचाय म्हणून उठून चालायला लागली गं ती. मी मागे झाडाआड उभा असतो." काल संध्याकाळी ती महिन्याभरात पहिल्यांदा अख्खं वाक्य बोलली म्हणे — "धाकटी रागावलीय का?"