मोहिनीला विचारावे

पुणे

तीर्थरूप आबांस, प्रेमराजचा साष्टांग नमस्कार.

माझी प्रकृती उत्तम आहे. आईचा गुडघा कसा आहे?

नव्या पर्यवेक्षकांचे प्रशिक्षण येथे व्यवस्थित सुरू आहे. माणसाला प्रश्न विचारावा आणि तो बोलेपर्यंत थांबावे, असे प्रशिक्षक बाई शिकवतात. सरावात शिरपूरचे भाईदास मला म्हणाले, "नाना, प्रश्न बी तुम्हीच इचारतस, उत्तर बी तुम्हीच देतस!" सगळे हसले, मीही हसलो.

सुलक्षणा गेल्यावर आईवेगळ्या मोहिनीने एरंडोलला अक्काकडे राहावे, हे मी लेकीला न विचारताच ठरवले. फोनवर ती केवळ "हो पप्पा" म्हणते. तरी तिला तूर्त पाठवू नये. तिची इच्छा आपण समोर बसून विचारावी.

ती लगेच बोलणार नाही. आपण थांबावे. सुलक्षणा थांबत असे.

आपला आज्ञाधारक,
प्रेमराज