निळ्या चिंधीची कोयती

मलकापूर,
१२ नोव्हेंबर २०२४

चिमणे,

मेहमुदाचा सलाम घे. तुझं गुडघं कसं हायत? माझं अजून माझ्याच अंगाला हायत, एवढंच. पत्र नात मेहक लिहितेय. मधनंच चांगले शब्द घालायला बघते. मी म्हटलं, बोलते तसंच लिही, चिमणीला पण सूनच वाचून दाखवणार हाय. संयोगिता, काही गाळू नकोस गं बाई.

तुमची गवताची कापणी सुरू झाली असंल. आमचं धार लावायचं दुकान बंद हाय. शाहबाज बरा हाय.

टीव्हीवर रोज कोयता-कोयता चाललंय. तुझा थोरला भाऊ आण्णा कमरंला कोयती लावूनच लग्नाच्या पंगतीला बसायचा. लोक म्हणायचे, "पावणं, जिलबी मऊ हाय, हातानं तुटंल की!" कुणी भ्यालं न्हाय.

माझ्या नातवानं, शाहबाजनं, धार लावलेली कोयती गोणपाटात गुंडाळून नेली, तर म्हणाले लपवून आणली. उघडी नेली असती, तर म्हणाले असते नाचवत आला. एसटी स्टँडवर लोकांनी आधी नाव विचारलं, मग मारलं. व्हिडिओ तुमच्या गावातपण फिरलाय.

शाहबाज बरा न्हाय, चिमणे. मगाशी सवयीनं सांगितलं. पोलिसांनी त्यालाच धरलं, तुरुंगात हाय. डाव्या कानानं ऐकू येत न्हाय. भेटायला गेले तर उजवा कान पुढं करतो. म्हटलं, "लहानपणी हाच पिरगाळायचे, विसरलास व्हय?" हसला न्हाय.

त्या दिवशी तो तुमच्याकडंच येत होता. तुझ्या नातवानं, सम्राटनं, धारेला दिलेली कोयती पोचवायला. दोघं संगंच डोंगरात गवताला जायचे. म्हणून पोलिसांना म्हणाला, "सम्राटला फोन लावा." लावला. सम्राट म्हणाला, "माझी न्हाय. कुणाची, ठाऊक न्हाय."

पोरगं भ्यालं असंल. मी शिव्या देत न्हाय. मेहकनं दोन लिहिल्या होत्या, खोडायला लावल्या.

पण कोयतीच्या मुठीला तुझ्या लुगड्याची निळी चिंधी हाय. नातवाच्या हाताला फोड येऊ नयेत म्हणून तूच बांधलेलीस. मला अक्षर कळत न्हाय, पण तुझी गाठ वळखते. तू पण वळखशील.

सम्राटला सांग, धार लावून झाली हाय. कोयती पोलीस ठाण्यात हाय. आमच्या घरातलं कुणी आता ती पोचवायला येणार न्हाय. ज्याची त्यानं जाऊन मागावी.

खाली अंगठा उठवलाय. कुणीही विचारलं तरी सांगीन, माझाच हाय.

तुझी,
मेहमुदा